तांबटाचा ठोका आणि पक्षिनिरीक्षणाची फेरी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शहरातील उद्यानांत मार्गदर्शकासोबत सकाळी निघणाऱ्या पक्षिनिरीक्षणाच्या फेऱ्यांविषयी या सदरात मागे लिहिले होते, तेव्हापासून नाशिक आणि परिसरातून पत्रे येत आहेत. मी स्वतः बरीच वर्षे अशा फेऱ्या घेत असल्यामुळे काही पत्रांतील तक्रारीचे टोक माझ्याकडेही वळते, हे मान्य करूनच उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मैत्रिणीच्या आग्रहावरून शुल्क भरून दोन तासांच्या फेरीला गेले. शेवटी ३४ पक्ष्यांची यादी हातात पडली. घरी येऊन आठवू लागले, तर बुलबुल आणि कोकिळा सोडल्यास एकही पक्षी डोळ्यांसमोर येईना. दोष माझ्या वयाचा की फेरीचा?
*— एक निवृत्त शिक्षिका, कॉलेज रोड*

वयाचा मुळीच नाही. १२० मिनिटांत ३४ पक्षी म्हणजे एका पक्ष्याच्या वाट्याला साडेतीन मिनिटे आली. त्यांतून चालण्याचा वेळ, मागे राहिलेल्यांची वाट पाहण्याचा वेळ आणि ‘कुठे? कोणत्या फांदीवर?’ या संवादाचा वेळ वजा केला, तर प्रत्यक्ष पाहण्यासाठी अर्धे मिनिटही उरत नाही. एवढ्या वेळात कोणाच्याही लक्षात फक्त नाव राहते आणि तेही जेवणाच्या वेळेपर्यंतच.

सुरुवातीच्या काळात मीही हेच करत असे आणि यादी चाळीसच्या वर गेली की स्वतःवर खूष होत असे. एकदा फेरी संपल्यावर साठीच्या एक बाई थांबून म्हणाल्या, “मघापासून तो ठोकणारा कोण? माझे माहेर तांबट आळीतले. भांडे घडवतानाचा ठोका मी झोपेतही ओळखेन. पण इथे झाडावर तांबट कसा?” त्या सकाळी मी त्यांना तांबट पक्षी दोनदा दाखवला होता, त्याचे नावही सांगितले होते, पण तो आवाज आणि तो पक्षी यांची गाठ घालून देण्याइतका वेळ मी एका झाडाखाली थांबलोच नव्हतो. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या गावात ज्या पक्ष्याचे नाव समजावून सांगण्याचीही गरज नाही, तोच माझ्या यादीत एक ओळ होऊन पडला होता. त्यानंतर मी फेरीतील थांबे निम्म्यावर आणले आणि तांबटाच्या झाडाखाली वीस मिनिटे राखून ठेवू लागलो.

तांबटाचेच उदाहरण पुढे नेतो, कारण हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा थंडीभर जवळजवळ गप्प असलेल्या या पक्ष्याने पुन्हा ‘टुक्‌ टुक्‌ टुक्‌’ सुरू केलेले असेल. तो चिमणीहून थोडा मोठा, आखूड शेपटीचा आणि जाड मानेचा असतो. अंग हिरवे असल्यामुळे वडा-पिंपळाच्या पानांत तो सापडणे अवघड. मात्र सकाळचे पहिले ऊन पडते तेव्हा तो शेंड्यावरच्या निष्पर्ण काटकीवर येऊन बसतो आणि कपाळावरचा लाल ठिपका, डोळ्यांभोवतीचा पिवळा रंग व छातीवरचा लाल पट्टा साध्या डोळ्यांनाही दिसतो. दुर्बीण स्थिर ठेवून त्याच्या चोचीकडे पाहावे. आवाज येत असतो, पण चोच मिटलेलीच असते. प्रत्येक ठोक्याला फुगतो तो गळा. तो ठोके देता देता डोके एकीकडून दुसरीकडे वळवतो, त्यामुळे आवाज कधी या झाडावरून, तर कधी पलीकडच्या झाडावरून आल्याचा भास होतो आणि नवखा माणूस भलत्याच फांद्या धुंडाळत बसतो. हातात घड्याळ असेल तर ठोके मोजावेत. मिनिटाला साधारण १०८ ते १२१ भरतात. ज्याने हे एकदा मोजले त्याला तांबट पुन्हा शिकवावा लागत नाही.

याच दिवसांत तो वठलेल्या किंवा मऊ पडलेल्या आडव्या फांदीच्या खालच्या बाजूला घरटे कोरतो. नर व मादी दोघेही कोरण्याचे काम करतात, आणि झाडाखाली पडलेला ताजा भुसा दिसला की मान वर करून वाटोळे भोक शोधावे. येथे एक खंत नोंदवतो. शहरातील एका उद्यानात शिरीषाच्या अशाच एका वाळक्या फांदीवर आम्ही तांबटाचे जोडपे सलग काही आठवडे पाहत होतो. पुढे तेथे एक समारंभ ठरला आणि त्याच्या आदल्या दिवशी ‘साफसफाई’ म्हणून ती फांदी उतरवण्यात आली. पादचाऱ्यांच्या डोक्यावर झुकलेली फांदी काढावीच लागते, याबद्दल वाद नाही. ही फांदी मात्र कुंपणाच्या आत, कोणीही जात नाही अशा जागी होती. फेरीला जाताना माळ्याशी ओळख करून घ्या आणि कोणत्या फांदीत भोक आहे ते त्याला दाखवा, असे मी आता प्रत्येक गटाला सांगतो. झाडे तोडण्याचा हुकूम माळी देत नाही, पण कोणती फांदी आधी उतरवायची हे पुष्कळदा तोच ठरवतो.

पुढच्या वेळी शुल्क भरण्यापूर्वी गट किती जणांचा आहे आणि एकूण किती अंतर चालायचे आहे, एवढे विचारा. बारापेक्षा जास्त माणसे असतील किंवा दोन तासांत संपूर्ण उद्यानाला प्रदक्षिणा घालायची असेल, तर ती फेरी पायांसाठी चांगली आहे. आणि त्याच आठवड्यात एकदा कोणालाही सोबत न घेता त्याच झाडाखाली जाऊन बसा.

जाता जाता, आपल्याला आठवलेल्या कोकिळेविषयी. ‘कुहू’ असा चढत जाणारा आवाज काढतो तो काळा नर, म्हणजे कोकीळ. मादी तपकिरी असून अंगभर पांढरट ठिपक्यांची असते आणि तिचा आवाज ‘किक्‌-किक्‌’ असा तुटक असतो. आपण कोणाला पाहिले, ते आता आपणच ठरवावे.

प्रश्न : मोबाइलमधील मर्लिन हे ॲप आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सांगते. मग मार्गदर्शकाची आवश्यकता काय? शिवाय मी ॲपने दाखवलेला शिक्रा हा शिकारी पक्षी सांगितला, तेव्हा फेरीतील मार्गदर्शक हसले, हे मला आवडले नाही.
*— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, गंगापूर रोड*

हसायला नको होते. आपल्या जागी मी असतो तर मलाही राग आला असता.

ॲप उपयुक्त आहे आणि मी स्वतः ते वापरतो. ते ऐकलेल्या आवाजाचे चित्रात रूपांतर करते आणि ते चित्र आपल्याजवळच्या नमुन्यांशी ताडून पाहते. शिवाय त्या ठिकाणी त्या ऋतूत कोणते पक्षी नोंदले गेले आहेत, हेही ते विचारात घेते. त्याची अडचण अशी की त्याला पक्षी दिसत नाही. आपल्याकडील कोतवाल हा काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी शिक्र्याची नक्कल इतकी हुबेहूब करतो की इतर पक्षीही फसतात, मग मोबाइलची काय कथा! त्या सकाळी नेमके तेच झाले असेल असे मी म्हणत नाही, शिक्रा नाशिकच्या उद्यानांत खरोखरच येतो. मात्र असा आवाज आला की आधी विजेच्या तारेवर कोतवाल बसलेला नाही ना, हे पाहावे. बसलेला असेल तर ॲपचे उत्तर तूर्त बाजूला ठेवावे, आणि आसपासच्या खारी व साळुंक्या एकदम दडल्या असतील तर शिक्र्याचा शोध जारी ठेवावा. हे आजूबाजूचे वाचन ज्याच्याकडून शिकायचे, तो मार्गदर्शक.

माझी सूचना अशी की फेरीत मोबाइल खिशात ठेवावा, आपला अंदाज वहीत लिहावा आणि ॲपला शेवटी विचारावे. आधी त्याला विचारले की कान आळशी होतात. नोंदी मात्र पक्षिनोंदींच्या ई-बर्ड या संकेतस्थळावर अवश्य टाकाव्यात. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ साली प्रसिद्ध झालेला अहवाल ९४२ जातींचा आढावा घेतो, आणि त्याचा पाया हजारो हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी हाच आहे. कावळा, पारवा, साळुंकी यांना ‘हे काय लिहायचे’ म्हणून वगळू नये. यादी पूर्ण असेल तरच कोणता पक्षी कमी होतो आहे हे पुढे कळते. फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या जागतिक पक्षिगणनेत पंधरा मिनिटांची नोंदही चालते, तेव्हा वसतिगृहाच्या गच्चीवरूनही सुरुवात करता येईल.

प्रश्न : दुर्बीण कोणती घ्यावी? मला चश्मा आहे. दुकानदार जास्त ‘पॉवर’ची घ्या म्हणतो.
*— बँक कर्मचारी, इंदिरानगर*

८×४२ घ्यावी. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. शक्ती वाढली की हाताचा कंपही तेवढ्याच पटीने वाढतो आणि दिसणारे क्षेत्र आकसते; उद्यानात पक्षी दहा-पंधरा फुटांवर पानांतून उड्या मारत असतो, तेथे अरुंद क्षेत्राची दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत तो निघून गेलेला असतो. चश्मा असल्यास डोळ्यांकडील रबरी कडा खाली वळवून किंवा फिरवून आत घ्यावी आणि भिंगापासून डोळ्यापर्यंतचे अंतर, ज्याला ‘आय रिलीफ’ म्हणतात, ते किमान १५ मिलिमीटर असल्याची खात्री करावी. ‘झूम’ असलेली स्वस्त दुर्बीण घेऊ नये. आणि दुकानात नव्हे, दुकानाबाहेर रस्त्यावर उभे राहून समोरच्या इमारतीवरील पारवा पाहून मगच पैसे द्यावेत.

वापरताना मान खाली घालून दुर्बीण शोधू नये. नजर पक्ष्यावर खिळलेली ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणावी. बहुतेक नवख्यांचा पक्षी येथेच निसटतो.

प्रश्न : आमच्या उद्यानात छायाचित्रकारांचे गट येतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावतात. मागील वर्षी एकाने घरटे नीट दिसावे म्हणून समोरच्या डहाळ्या बाजूला बांधल्या. हटकले, तर ‘आम्ही पक्षिप्रेमीच आहोत’ असे उत्तर मिळाले. काय करावे?
*— सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या मंडळाचे चिटणीस, सिडको*

आवाज वाजवला की तेथील नराला आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरल्याचे वाटते. तो खाणे सोडून, प्रसंगी पिलांना चारा भरवणे सोडून, न दिसणाऱ्या शत्रूला हुसकावण्यासाठी येतो. छायाचित्रात त्याचा जो ‘रुबाब’ दिसतो तो बहुधा हा संताप असतो. एखाद्याने एकदा वाजवले तर तो कदाचित सावरेल. पण रविवारी सकाळी पाच गट एकाच दयाळाला पाच वेळा बोलावत असतील, तर त्याच्या विणीच्या हंगामाचे काय होत असेल ते आपणच ताडावे. माझ्या फेरीत आवाज वाजवण्यास पूर्ण मनाई आहे, आणि त्यामुळे स्वर्गीय नर्तक हा पक्षी न पाहता परतलेले लोक माझ्यावर नाराज आहेत.

घरट्याभोवतालच्या डहाळ्या बांधणे याहून गंभीर आहे. शिंप्याच्या किंवा बुलबुलाच्या घरट्यावरचे पान बाजूला झाले की ते घरटे कावळ्याला आणि भारद्वाजालाही तितकेच स्पष्ट दिसते, शिवाय दुपारच्या उन्हाचा मारा थेट पिलांवर होतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे याचाही समावेश आहे, ही गोष्ट अशा मंडळींना शांतपणे सांगावी. पुष्कळांना ती खरोखरच माहीत नसते. तरीही ऐकले नाही तर वाद न वाढवता दिनांक, वेळ आणि छायाचित्र यांसह उद्यान अधीक्षकांकडे लेखी द्यावे व वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

एक गोष्ट मंडळालाही सुचवतो. सकाळच्या आपल्या हास्यक्लबची जागा आणि दयाळाच्या गाण्याची जागा एकच असेल, तर विणीचे तीन महिने ती थोडी हलवता येईल का, याचा विचार व्हावा.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. तो पाच मिनिटेही स्वस्थ बसत नाही. त्याला फेरीला आणावे का, आणि कोणत्या ऋतूत?
*— गृहिणी, पंचवटी*

आणावे, पण मोठ्यांच्या फेरीला नव्हे, आणि पाऊण तासाहून अधिक नाही. त्याला पक्षी ‘दाखवू’ नका, काम द्या. सातभाईंचा थवा दिसला की खरोखर सातच आहेत का, हे त्याला मोजायला लावा. कधी सहा भरतील, कधी दहा, आणि सतत जागा बदलणाऱ्या त्या कलकलाटी मंडळींना मोजता मोजता तो स्वतःहून स्वस्थ उभा राहील. थंडीत भिंतीवर किंवा कुंपणाच्या खांबावर थिरथिरा येतो. त्याला हे नाव का पडले, हे न सांगता त्याच्या शेपटीकडे बघ एवढेच म्हणा. शेपटी सारखी थरथरत असते. मुलांना नावाचा उलगडा स्वतः झाला की ते नाव त्यांच्या मालकीचे होते.

ऋतू म्हणाल तर मुलांसाठी मला पावसाची सुरुवात सर्वांत आवडते. मे अखेरीपासून पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असा घोष लावतो, आणि शेतीशी संबंध उरलेला नाही अशा घरातील मुलालाही त्याचे शब्द लगेच ऐकू येतात. पाठोपाठ आफ्रिकेतून समुद्र ओलांडून चातक येतो. पावशा आणि चातक हे दोघेही आपली अंडी त्याच सातभाईंच्या घरट्यात घालतात, तेव्हा मुलाने मोजलेल्या थव्यामागून एखादे वेगळेच पिलू खाऊ मागत फिरताना दिसले, तर पुढची गोष्ट आपल्याला सांगता येईल. ओढ्याकाठच्या बाभळीवर सुगरणीचे विणकामही तेव्हाच चालते; फक्त नावामुळे फसू नये, कारण विणतो तो नर आणि अर्धवट विणलेला खोपा पाहून पसंती देते किंवा नाकारते ती मादी.

प्रश्न : उद्यानात तेच ते पक्षी दिसतात. त्यापेक्षा थेट नांदूरमध्यमेश्वरला का जाऊ नये?
*— व्यावसायिक, नाशिक रोड*

अवश्य जावे, आणि फेब्रुवारी संपण्यापूर्वी जावे. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचून तेथे उथळ पाणथळ तयार झाली आहे, आणि आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेले ते महाराष्ट्रातील पहिले ठिकाण आहे. चक्रवाक, थापट्या, वारकरी, जांभळी पाणकोंबडी यांची तेथील संख्या पाहून कोणीही थक्क होतो. परंतु तेथे पक्षी पाण्यावर दूर असतात, दुर्बीणही पुष्कळदा अपुरी पडते आणि स्थानिक मार्गदर्शकाच्या टेलिस्कोपमधून पाळीपाळीने पाहावे लागते. बदकाच्या चोचीचा आकार, पंखावरील पट्टा, पोहण्याची ढब अशा खुणा पाहण्याची सवय नसेल, तर सगळी बदके सारखीच दिसतात, आणि ती सवय लागते ती घराजवळच्या, दहा फुटांवरच्या बुलबुलावर. बुलबुलाच्या शेपटीखालचा लाल रंग आपण कधी पाहिला आहे का? नसेल, तर आधी दोन रविवार उद्यानात काढावेत आणि तिसऱ्या रविवारी पहाटे निफाडची वाट धरावी. स्वेटर विसरू नये, निफाडची थंडी प्रसिद्ध आहे.

प्रश्न : संक्रांतीनंतरच्या फेरीत मार्गदर्शकाने आम्हाला अर्धा तास झाडांवर अडकलेला मांजा गोळा करायला लावला. पैसे पक्षी पाहण्याचे घेतले होते. हे योग्य आहे का?
*— चार्टर्ड अकाउंटंट, शरणपूर रोड*

फेरीची माहिती देताना हे आधी सांगायला हवे होते, एवढी आपली तक्रार मान्य. त्या अर्ध्या तासाबद्दल मात्र मी मार्गदर्शकाच्या बाजूचा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो येतोच, आणि सुती दोऱ्यासारखा तो पावसाने कुजत नाही. जानेवारीत तुटलेला मांजा पुढे कित्येक महिने फांद्यांत लटकत राहतो. तिन्हीसांजेला मुक्कामाच्या झाडाकडे परतणारे पोपट, घारी, बगळे आणि अंधारात निघणारी वटवाघळे त्यात सापडतात. आपण पाहिलेल्या पक्ष्यांपैकी काही जण संध्याकाळी त्याच झाडावर उतरणार होते.

गोळा केलेला मांजा तसाच कचरापेटीत टाकू नये, बारीक तुकडे करून कागदात गुंडाळून टाकावा. जिवंत पक्षी अडकलेला दिसला तर दोरा ओढू नये, कारण ओढल्याने तो पंखाच्या मांसात अधिक रुततो. पक्ष्याच्या अंगावर हलके सुती कापड टाकून डोळे झाकावेत, म्हणजे तो शांत होतो. मग दोन्ही बाजूंनी थोडा थोडा दोरा सोडून कात्रीने कापावा आणि रुतलेला भाग तसाच राहू द्यावा. चोचीत पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवून १९२६ वर कळवावे. उंच फांदीवर असेल तर स्वतः चढण्याचे धाडस न करता अग्निशमन दलाला बोलवावे. फेरीच्या पिशवीत दुर्बिणीबरोबर एक बोथट टोकाची कात्री आणि जुना पंचा असू द्यावा.